कटती लावून आणलेलं पिल्लू

इंदिरानगरातल्या एका बाईने मला आजारी मांजर विकलं. फसवलं तिने, फसलो मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकताना माणसं हळूहळू तिच्या बाजूला सरकायला लागतात. माझी बायकोसुद्धा सरकली.

मांजर मला नको होतं, मुलीला हवं होतं. माझी मुलगी एका कंपनीचं काम घरी बसून करते. सकाळी कानाला हेडफोन लावते ती संध्याकाळी काढते. मैत्रिणी कुणी पुण्याला गेल्या, कुणी बंगळूरला. लग्नाचा विषय निघाला की ही ताट उचलून आत जाते. एक दिवस जेवताना तिने विचारलं, "आई, मी मांजर आणू का?" तेव्हा मला खरं म्हणजे बरं वाटलं. तिला काही हवंय, हेच आम्ही कितीतरी दिवसांनी ऐकत होतो.

बायको म्हणाली, "आण. पण आमटीत केस निघाला तर मांजर आणि तू, दोघींचा मुक्काम गच्चीवर."

"केस नसलेलंच आणते."

आम्हाला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिने मोबाइलवर फोटो दाखवला. बायकोने चष्मा लावला, काढून पुसला, परत लावला. "अगं बाई, हे कुणी सोललंय?"

पण अट तिनेच घातली होती, त्यामुळे तिला मागे हटता येईना. आणि मुलीने एकदा ठरवलं की ती अभ्यास करते. शाळेत होती तेव्हापासून तशीच. या जातीच्या मांजरांबद्दल तिने इतकं वाचलं, इतके व्हिडिओ पाहिले, की शेवटी बायको भाजी निवडताना मला सांगायला लागली की या मांजरांना आंघोळ घालावी लागते आणि ऊन सोसत नाही. इंदिरानगरात एक बाई घरातच ही मांजरं वाढवते, तिच्याकडे दोन पिल्लं उरलीत, हेही मुलीने शोधून काढलं. फोनवर बोलणं झालं. पैसे तिच्या पगारातले होते. हे मुद्दाम लिहितो. ती मला म्हणाली, "अप्पा, तुम्ही फक्त गाडी घेऊन सोबत या."

मी म्हणालो, "सौदा मी करणार."

माझं गाव सिन्नरकडचं. नाशकात आलो तेव्हा हातगाडीवर कांदे-बटाटे विकले, मग दुसऱ्याच्या गाळ्यावर गोण्या मोजल्या, मग बाजार समितीत स्वतःचा गाळा घेतला. जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर केलं. आमच्या कांद्याच्या धंद्यात एक शब्द आहे, कटती. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर येतो. वरचा कांदा लखलखीत असतो, खाली हात घातला की ओला, मोड आलेला, काजळी धरलेला लागतो. मग बोललेल्या भावातून काही कापायचं. ती कटती. खराब निघाला म्हणून अख्खा माल परत पाठवला, असं सहसा होत नाही. खोट दाखवायची, भाव कापायचा, माल उतरवून घ्यायचा आणि गाळ्यावर निवडत बसायचं. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. खोट दिसली की दुसऱ्या कुणाला वाईट वाटेल, मला हुशारी येते. आणि खरं सांगायचं तर खोट नसली तरी मी ती काढतो. चांगल्या कांद्याला मी आजवर तोंडावर चांगला म्हटलेलं नाही. म्हटलं की भाव गेला.

डिसेंबरची सकाळ होती. थंडी चांगलीच होती. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी नेहमीसारखी गाडी अडकली आणि मुलीने मला धडा द्यायला सुरुवात केली.

"अप्पा, ऐका. डोळे स्वच्छ हवेत, कोपऱ्यात चिकट नको. आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला दिसला तर समजायचं, बरं नाहीये त्याला."

"हं."

"कातडीला सुरकुत्या असतातच, त्या असू देत. हाताला थोडं तेलकट लागतं, तेही बरोबर. फक्त पुरळ आणि खपल्या नकोत. कानात तपकिरी मळ चालतो. चहाच्या चोथ्यासारखा काळा असला आणि वास मारत असला तर नाही चालत."

"तुझ्या आईनेही मला पसंत करताना एवढं पाहिलं नव्हतं."

"म्हणूनच ती अजून ऐकवते," मुलगी म्हणाली आणि हसली. "आणि अंग गरम लागतं. केस नाहीत ना, म्हणून ताप असल्यासारखं वाटतं हाताला. गरम लागलं तर घाबरायचं नाही. गार लागलं तर घाबरायचं. पोट गोल असतं, पण पोट फुगलेलं आणि पाठीचा कणा वर आलेला, असं असेल तर नको. आणि नव्या माणसाकडे आपणहून आलं पाहिजे. निपचित बसणारं नको."

"झालं तुझं? आता माझं ऐक. आवडलं तरी तोंडावर दाखवायचं नाही. हातात घेतलंस तर लगेच खाली ठेवायचं. मग भिंतीकडे बघायचं. बोलणार मी."

"मला चांगलं पिल्लू हवंय, अप्पा. थोडे जास्त गेले तरी चालतील."

"असं तिथे बोललीस तर मी जिना उतरून खाली जाईन."

ती बाई दुसऱ्या मजल्यावर राहत होती. माझ्यापेक्षा वयाने बरीच लहान, बोलायला गोड. पहिल्या वाक्यापासून मला काका म्हणायला लागली. हॉलमध्ये हीटर चालू होता. सोफ्यावर पिल्लांची आई पसरली होती, तिने आमच्याकडे मालकिणीसारखं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दोन पिल्लांतलं राखी रंगाचं पिल्लू मी बसतो न बसतो तोच माझ्या गुडघ्यावर चढलं. शर्टाचं बटण हुंगलं, मग दातात धरलं. अंगाला हात लावला तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं गरम. मुलीने उचललं तसं त्याने तिच्या हनुवटीखाली डोकं घुसवलं आणि घुर्रघुर्र सुरू केलं. मुलीने डोळे मिटले. मग तिला माझं बोलणं आठवलं असावं. तिने त्याला अलगद खाली ठेवलं आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली.

मला वाटलं, लवकर शिकली.

"मॅडम, याला ताप आहे," मी सुरू केलं.

"ताप नाही काका, या जातीचं अंग गरमच असतं."

हे मला बोगद्यापाशी समजलं होतं. तरी मी मान हलवली. "आणि कातडी किती लोंबतेय. जन्मतःच म्हातारं दिसतंय."

"सुरकुत्या असणं हेच तर याचं रूप आहे."

"कान मळलेत."

"काका, कान रोज मळतात, रोज पुसावे लागतात. सकाळीच पुसलेत. आणि हे बघा, याच्या आईच्या हृदयाची तपासणी केलेला कागद. या जातीत हृदयाचा त्रास असतो, म्हणून आम्ही करून घेतो. बघा तरी."

मी कागद हातात घेतला नाही. कागद बघितला की माल चांगला आहे हे कबूल केल्यासारखं होतं. मी पिल्लाची मान दाबून बघितली, पोट दाबून बघितलं. प्रत्येक खोटीवर ती बाई उत्तर देत होती आणि तिचा आवाज चढत होता. भाव मात्र तसूभर हलत नव्हता. शेवटी तिने पिल्लू माझ्या हातातून काढून घेतलं.

"काका, हे कांदे नाहीत असे दाबून बघायला."

माझा धंदा मुलीने फोनवर सांगितला असणार, त्यात काही गैर नव्हतं. पण मला ते लागलं. कांद्यावर मी घर बांधलं, कांद्यावर ही मुलगी शिकली, आणि हीटरपाशी बसून ही बाई मला कांदा ऐकवते. माझं डोकं फिरलं की मला थांबता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"मग ठेवा तुमच्याकडेच. ते दुसरं दाखवा."

दुसरं पिल्लू हीटरजवळच्या टोपलीत होतं. गुलाबीसर पांढरं. तिने काढून चटईवर ठेवलं, ते ठेवलं तिथेच बसलं.

"हे गरीब आहे," ती म्हणाली.

गरीब. आमच्याकडे गाय दाखवताना हाच शब्द वापरतात. लाथ मारत नाही, शिंग उगारत नाही, कुणीही बांधावी. गावाकडे मोठा झालेल्या माणसाला जनावर गरीब आहे म्हटलं की ते चांगलंच वाटतं. मला वाटलं, बरं आहे, मुलीला त्रास द्यायचं नाही.

मी त्याला उचललं. "डोळा चिकटतोय मॅडम याचा."

तिने बोटाने तो डोळा पुसला. मग म्हणाली, "थोडं कमी करते."

"पोट बघा, नगारा झालाय. आणि वर कणा हाताला लागतोय."

"ठीक आहे, आणखी करते."

"गार लागतंय."

"थंडी आहे ना काका. बरं, तुम्ही म्हणाल तसं."

इतका सोपा सौदा मी जन्मात केला नव्हता. मी एक खोट काढायची, तिने एक पायरी उतरायची. मुलगी म्हणाली, "अप्पा." मी हाताने तिला थांब म्हटलं. थोड्या वेळाने ती उठून उभी राहिली. "अप्पा, आपण जाऊ या." गिऱ्हाइकाने उठून चालायला लागणं हा सौद्यातला शेवटचा डाव असतो. मला वाटलं, पोरीने आपणहून तो टाकला. मला तिचा अभिमान वाटला. आणि खरोखर, ती उठली तशी बाई आणखी उतरली. मी हो म्हणून टाकलं.

ज्याचा माल चांगला असतो तो कटतीवर भांडतो. ट्रॅक्टर फिरवतो, शिव्या देतो, दुसऱ्या गाळ्यावर जातो. जो मान खाली घालून कापू देतो त्याच्या मालात खाली काहीतरी असतं. हे मला हातगाडीच्या दिवसांपासून माहीत आहे. त्या खोलीत राखी पिल्लासाठी ती बाई प्रत्येक शब्दाला भांडली होती आणि पांढऱ्यासाठी एकदाही भांडली नाही. एवढी ढळढळीत गोष्ट समोर घडत होती आणि मी जिंकत होतो म्हणून मला ती दिसली नाही.

परत येताना मुलीने पिल्लू शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. मी भाव कसा पाडला ते सांगत होतो. बोगदा ओलांडल्यावर ती म्हणाली, "अप्पा, हे गार आहे."

"थंडी आहे. स्वेटर शिव त्याला."

तिने शाल आणखी आवळून घेतली.

घरी बायकोने आधी नाक मुरडलं. मग माझ्या जुन्या लोकरी मोज्याचा पुढचा भाग कापला, पायांसाठी भोकं पाडली आणि पिल्लाला घातला. "तुमच्या पायापेक्षा याला शोभतो," म्हणाली. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि विचारू लागल्या की कुणी भादरलं याला, आजारपणात का? आम्ही हसलो. मुलगी पिल्लाला मांडीवर घेऊन काम करायची. फोनवर साहेबाशी बोलता बोलता एका बोटाने त्याच्या कपाळावरच्या सुरकुत्या चोळत राहायची. जेवायला येऊन बसायची आणि आपणहून सांगायची की आज त्याने किती खाल्लं. ते खाणं चमचा-दोन चमच्यांवर होतं. मग तेवढंही राहिलं नाही. पोट मात्र वाढत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, थर्मामीटर लावला, डोळ्याची पापणी ओढून बघितली. "पोटात पाणी झालंय," ते म्हणाले. "घेतलंत तेव्हा डोळा असाच होता?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"होता," मी म्हणालो.

"कणा असा वर आलेला?"

"होता."

"मग घेतलंत कसं?"

माझं तोंड, ज्याच्या जोरावर सगळं उभं केलं, ते उघडलंच नाही. मुलगी म्हणाली, "मला आवडलं म्हणून घेतलं, डॉक्टर."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. तिला आवडलेलं पिल्लू दुसरं होतं, आणि मी सांगितलं म्हणून ती कॅलेंडरकडे बघत बसली होती. त्या दवाखान्यात मला कुणी कानाखाली मारली असती तरी बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. बरं होईलच असं नाही, पण करून बघू, असं म्हणाले. मुलीने केलं. सुट्ट्या घेऊन केलं. सिरिंजने थेंब थेंब भरवलं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून बदलत राहिली. एका दुपारी बायकोने मला गाळ्यावर फोन केला. मी घरी पोहोचलो तेव्हा मुलगी तशीच बसली होती, पिल्लू मांडीवर, आणि तिचा हात अजून त्याच्या कपाळावर होता.

गावाकडे माझ्या भावाच्या शेतात, बांधाच्या कडेला पुरलं. भाऊ खड्डा खणून झाल्यावर म्हणाला, "हे काय हाय रं, ससा?"

"मांजर."

"मग केसं कुठं हायेत याची?"

मुलगी तिथेच उभी होती. भावाला तिचं तोंड दिसलं आणि तो माती ओढायला लागला.

घरी आल्यावर मी त्या बाईला फोन लावला. "पिल्लू मेलं."

"अरेरे. काका, वाईट वाटलं ऐकून."

"वाईट कशाला वाटतंय? तुम्हाला माहीत होतं."

"काका, डोळा तुम्ही दाखवलात मला. पोट तुम्ही दाखवलंत. गार आहे हेही तुम्हीच म्हणालात. मी एक तरी गोष्ट लपवली का?"

पुढे मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिने फोन ठेवला. नंतर माझ्या नंबरवरून तो लागेना. मी जाऊन दार वाजवलं, तर आतून जाळीच्या दारामागून एक माणूस म्हणाला की ती घरी नाही, आणि पुन्हा आलात तर वॉचमनला बोलावतो.

बायको म्हणाली, "तिचं काय चुकलं? सगळ्या खोटी तर तुम्हीच मोजून दाखवल्यात. तिने फक्त हो म्हटलं."

मी बायकोवर ओरडलो. मुलगी आतून आली आणि माझ्यासमोर बसली. तिचा आवाज शांत होता, आणि मला ते जास्त जड गेलं.

"अप्पा, मला भांडायचं नाहीये. एकच सांगा. राखी पिल्लाला ताप आहे म्हणालात तेव्हा तुम्हाला माहीत होतं की ताप नाही. मग याचा डोळा चिकटतोय म्हणालात, ते तुम्हाला खरंच दिसलं होतं, की तेही असंच म्हणालात?"

दिसलं होतं म्हणावं, तर दिसूनही मी आजारी जीव तिच्या पदरात टाकला. दिसलं नव्हतं म्हणावं, तर बोटाला लागलेला तो चिकटपणा मला अजून आठवतो. मी दोन्ही पिल्लांबद्दल एकाच आवाजात बोललो होतो. चांगल्याला वाईट म्हणत इतकी वर्षं काढली, की वाईटाला वाईट म्हणताना ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मी तिला म्हणालो, "मला माहीत नाही गं." तिने मान हलवली आणि ती आईला मदत करायला आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलते. पण बाजारातून काही आणायचं असलं की आता स्वतः जाऊन आणते.

माझ्या वाट्याचं मी नाकारत नाही. सौदा मी करणार, हे मीच म्हणालो होतो. मुलीला गप्प मी बसवलं. पण त्या खोलीत तीन माणसं होती. मुलीला शंका होती आणि तिला बोलू दिलं नाही. मी बोलत होतो आणि काय बोलतो ते मला कळत नव्हतं. ती बाई मात्र रोज त्या पिल्लाला उचलत होती, भरवत होती, त्याचे डोळे पुसत होती. माझ्या कोणत्या खोटी भावासाठी होत्या आणि कोणत्या खऱ्या, हे ओळखणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी डोळा दाखवला तेव्हा तिने एवढंच म्हणायचं होतं की काका, हे विकायचं नाहीये, याचं औषध चालू आहे. मी चिडलो असतो, बडबडलो असतो आणि रिकाम्या हाताने जिना उतरलो असतो. ती म्हणाली, थोडं कमी करते.

काही लपवलं का, हा तिचा प्रश्न मला मान्य नाही. त्या प्रश्नाआड तिने बसू नये. मी फोन करणार नाही, दारही वाजवणार नाही. माझ्याशी तिने बोलावं असा माझा हट्टही नाही, मी आरडाओरडा करतो. तिने माझ्या मुलीसमोर येऊन बसावं आणि तिला सांगावं, ते पिल्लू आजारी आहे हे पक्कं ठाऊक असताना टोपलीतून काढून आमच्यासमोर का ठेवलं.